पाच वर्षे टिकून राहण्याची गोष्ट : निकोडेमस वसाहतीतील शेतकरी कुटुंबांचे दैनंदिन जीवन

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर शेती वसविणाऱ्या कुटुंबांचे जे चित्र आपल्या मनात असते, ते बहुतांशी चित्रपटांनी रंगविलेले आहे. त्यात घोडेस्वार असतात, बंदुका असतात आणि क्षितिजापर्यंत पसरलेले मोकळे रान असते. त्या रानात जी कुटुंबे खरोखर जगली, त्यांचे दिवस मात्र पाणी आणणे, जळण वेचणे, जमीन फोडणे आणि उद्याच्या पिठाची तजवीज करणे यांतच गेले. या साध्या कामांतूनच त्यांचा जमिनीवरील हक्क सिद्ध झाला. हे कसे घडले, हे समजून घेण्यासाठी कॅन्सस राज्यातील निकोडेमस या छोट्याशा वसाहतीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. ही वसाहत 1877 साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वसविली.

जमीन कशी मिळत असे?

20 मे 1862 रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने सरकारी मालकीच्या जमिनीतून प्रत्येक पात्र अर्जदाराला 160 एकरांपर्यंत जमीन मिळू शकत होती. अर्जदार 21 वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, तो देशाचा नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा आणि त्याने सरकारविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशा अटी होत्या. विधवा आणि अविवाहित प्रौढ स्त्रियाही अर्ज करू शकत. जमिनीची किंमत द्यावी लागत नसे. नोंदणीचे थोडेसे शुल्क तेवढे भरावे लागे.

खरी किंमत पुढे होती. अर्जदाराने त्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहिले पाहिजे आणि ती कसली पाहिजे, असे बंधन होते. सहा महिन्यांहून अधिक काळ जमीन सोडून गेल्यास हक्क जाई आणि जमीन पुन्हा सरकारकडे येई. पाच वर्षांनंतर दोन विश्वासार्ह साक्षीदार उभे करून आपण येथेच राहिलो, येथेच कष्टलो, हे सिद्ध करावे लागे. तेव्हा कुठे मालकीचा कागद हाती पडे. या कायद्यान्वये पुढील काळात सुमारे 16 लाख कुटुंबांना मिळून सुमारे 27 कोटी एकर जमीन मिळाली. ज्यांना पाच वर्षे पूर्ण करता आली नाहीत, अशांची संख्याही फार मोठी होती.

हा कायदा 1 जानेवारी 1863 रोजी अमलात आला. त्याच दिवशी लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणाही लागू झाली. मात्र ती घोषणा बंडखोर राज्यांपुरती होती. केंटकी हे राज्य बंडात नव्हते, म्हणून तेथील गुलामांना घटनेची तेरावी दुरुस्ती होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर 1865 पर्यंत, कायदेशीर मुक्ती मिळाली नाही. निकोडेमसला आलेल्या बहुसंख्य कुटुंबांचे मूळ याच केंटकीत होते. ज्यांची स्वतःची देखील मालकी काल-परवापर्यंत दुसऱ्याकडे होती, ती माणसे आता स्वतः जमिनीचे मालक होण्यासाठी निघाली होती.

गुलाममुक्तीच्या या लढ्याचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले होते. निकोडेमस वसण्याच्या चार वर्षे आधी, 1873 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. कायद्याने बेडी तुटल्यानंतर त्या माणसांनी पोट कसे भरले आणि घर कोठे बांधले, हा त्याच कथेचा पुढचा भाग आहे.

आगमन आणि पहिली निराशा

एप्रिल 1877 मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. तिचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय होते. गोरे जमीन-व्यावसायिक डब्ल्यू. आर. हिल हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते. वायव्य कॅन्ससमधील ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ, सुपीक जमीन आणि मुबलक संधी वाट पाहत असल्याचे वर्णन करणारी पत्रके दक्षिणेत वाटली गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पहिली तुकडी आली आणि सप्टेंबरमध्ये केंटकीहून तीनशेच्या वर माणसे येऊन पोहोचली.

आगगाडी एलिस या गावापर्यंतच होती. तेथून निकोडेमस सुमारे 35 मैल. हे अंतर बहुतेकांनी सामानासह पायी काटले. 1878 च्या वसंत ऋतूत आलेल्या विलियाना हिकमन यांनी आपल्या आठवणी पुढे सांगितल्या आहेत. त्यांच्या तुकडीला एलिस येथेच गोवराच्या साथीने गाठले आणि काही मुले तेथेच दगावली. उरलेले लोक दोन दिवस चालून मुक्कामी पोहोचले, तेव्हा त्यांना गाव कोठे दिसेना. जमिनीतून ठिकठिकाणी धूर तेवढा वर येत होता. गाव जमिनीखाली होते. ते दृश्य पाहून त्यांना रडू कोसळले. अनेक कुटुंबे तेथूनच माघारी फिरली. हिकमन दांपत्य मात्र राहिले आणि पती डॅनियल हिकमन यांनी पुढे तेथे बॅप्टिस्ट चर्च उभे केले.

जमिनीच्या पोटातील घर

जमिनीखाली घर का बांधावे लागले? प्रेअरी म्हणजे गवताचा अफाट सपाट प्रदेश. लाकूड मिळे ते केवळ नदीनाल्यांच्या काठच्या कॉटनवुड झाडांचे, आणि तेही थोडे. दगड फोडायला आणि वाहून आणायला साधने नव्हती. विकत आणलेल्या फळ्या रेल्वे स्थानकापासून वाहून आणायच्या, तर गाडी आणि जनावरे हवीत. म्हणून टेकडीच्या उताराला किंवा सपाट जमिनीत चौकोनी खड्डा खणून, वर फांद्या, गवत आणि माती टाकून राहण्याची जागा केली जाई. तिला ‘डगआउट’ म्हणत. कोपऱ्यात चूल आणि छपरातून बाहेर काढलेले धुराडे असे.

पुढे थोडी उसंत मिळाली की ‘सॉड’चे घर बांधले जाई. प्रेअरीच्या गवताची मुळे मातीत इतकी घट्ट विणलेली असतात, की नांगराने उलटलेल्या पट्ट्याचे तुकडे विटांसारखे रचता येतात. या मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देत आणि हिवाळ्यात ऊब धरून ठेवत. पण पावसात छप्पर गळे, आणि आकाश निवळल्यावरही आतला ठिबका थांबत नसे. वरून माती, किडे आणि क्वचित साप अंथरुणावर पडत. म्हणून स्वयंपाकाच्या आणि झोपण्याच्या जागेवर कापड ताणून बांधण्याची रीत होती. अशा घरात जमीन झाडणे, भिंती लिंपणे आणि अंथरूण कोरडे ठेवणे हे रोजचेच काम होते. ऑक्टोबर 1877 मध्ये एमा विल्यम्स यांनी या वसाहतीतील पहिल्या बाळाला जन्म दिला, तो अशाच परिस्थितीत.

दिवस कसा जाई?

दिवस पहाटे चूल पेटविण्याने सुरू होई, आणि चुलीला जळण हवे. लाकूड नसल्यामुळे बायसन या रानगव्यांचे वाळलेले शेण गोळा करून जाळले जाई. आपल्याकडच्या गोवरीशी परिचय असलेल्याला हे वेगळे सांगावयास नको. फरक इतकाच की गोवरी थापावी लागते आणि हे जळण रानात आपोआप वाळून पडलेले असे. ते झपाट्याने जळून जाई, म्हणून मुलांना दिवसातून पुन्हा पुन्हा पोती घेऊन जावे लागे. त्या सुमारास त्या भागातील बायसन शिकाऱ्यांनी जवळजवळ संपविले होते. रानात त्यांची हाडे पसरलेली होती. ती वेचून रेल्वे स्थानकावर नेली की खत आणि इतर उद्योगांसाठी विकत घेतली जात. पहिले पीक येण्याआधी अनेक कुटुंबांच्या हाती पडलेला रोख पैसा हा या हाडांचा होता.

दुसरे काम पाण्याचे. विहीर खणली जाईपर्यंत नदीवरून किंवा ओढ्यावरून पाणी आणावे लागे. पिणे, स्वयंपाक, जनावरे आणि धुणे या सर्वांसाठी ते बादल्यांनी वाहायचे, आणि हे काम बहुधा स्त्रिया व मुलेच करीत. धुण्याचा दिवस आठवड्यातून एक, बहुधा सोमवार. कारण त्याला सर्वाधिक पाणी आणि सर्वाधिक जळण लागे. साबण घरीच होई. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवून तीव्र क्षाराचे पाणी काढायचे आणि ते चरबीबरोबर उकळून आटवायचे. यात हात भाजत, डोळे चुरचुरत.

जेवणात मका मुख्य. मक्याच्या पिठाचा जाड पाव, मक्याची लापशी, भाजलेल्या मक्याची कॉफी. जोडीला ससा किंवा रानपक्षी मिळाला तर मांस, वसंतात रानभाजी आणि गोड म्हणून काकवी. ही काकवी उसाची नव्हे. कॅन्ससमध्ये ‘सोरघम’ हे पीक घेतले जाई. सोरघम म्हणजे आपली ज्वारीच. तिच्या गोड ताटांचा रस काढून, तो आटवून काकवी केली जाई. ज्वारी मूळची आफ्रिकेची. तेथून एका वाटेने ती भारतात येऊन आपल्या भाकरीत आली आणि दुसऱ्या वाटांनी अमेरिकेत पोहोचली. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून साखळदंडांत नेले गेले, त्या लोकांच्या ताटात प्रेअरीवर हेच धान्य गोडवा घेऊन आले, ही इतिहासाची एक लक्षणीय गाठ आहे.

रात्री चरबीच्या मेणबत्तीच्या किंवा रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात फाटके कपडे सांधणे, गोधड्या शिवणे आणि अवजारांची दुरुस्ती चाले. तेलही जपून वापरावे लागे.

शेतीचे वर्ष

कधीच न नांगरलेली प्रेअरी फोडणे हे सर्वांत जड काम. त्यासाठी मजबूत पोलादी नांगर आणि बैलांच्या किंवा घोड्यांच्या जोड्या हव्यात. निकोडेमसमध्ये सुरुवातीला जनावरे बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यामुळे अनेकांनी पहिली जमीन कुदळ-फावड्याने फोडली. उलटलेल्या पट्ट्यात कुऱ्हाडीने चीर पाडायची, तिच्यात मक्याचे दाणे टाकायचे आणि पायाने ती दाबायची, अशी पहिल्या वर्षीची पेरणी प्रेअरीवर सर्रास होत असे. पुढील वर्षी मुळे कुजून माती मऊ झाली की मशागत सोपी होई. कॅन्ससमध्ये 1874 साली रशियातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी ‘टर्की रेड’ हा थंडीत तग धरणारा गहू आणला. शरद ऋतूत पेरून पुढच्या उन्हाळ्यात कापला जाणारा हा गहू या कोरड्या प्रदेशाला मानवला आणि हळूहळू राज्याचे मुख्य पीक बनला.

निकोडेमस शंभराव्या रेखांशाजवळ आहे. तेथून पश्चिमेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. या भागात वर्षाला सरासरी सुमारे 20 इंच पाऊस पडतो, आणि सरासरीवर विसंबणे किती धोक्याचे, हे आपल्या दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एखाद्या वर्षी पीक भरघोस येई, तर पुढच्या वर्षी जुलैतील उष्ण वाऱ्याने उभा मका करपून जाई. 1874 मध्ये टोळधाडीने कॅन्ससची शेते फस्त केली होती आणि ती आठवण तेथील लोकांत ताजी होती. त्यात गवताला लागणारे वणवे, गारपीट आणि हिवाळ्यातील हिमवादळे यांची भर. जानेवारी 1886 च्या हिमवादळाने पश्चिम कॅन्ससमध्ये माणसे आणि असंख्य गुरे मारली.

हक्क टिकविला कोणी?

पहिल्या वर्षांत शेतीवर पोट भरणे अशक्य होते. म्हणून पुरुष दूरवर रेल्वेच्या कामावर किंवा पूर्व कॅन्ससमधील मोठ्या शेतांवर मजुरीला जात आणि महिनोन्‌महिने परतत नसत. आता कायद्याची अट पुन्हा आठवावी. जमीन सोडली तर हक्क जातो. पण कुटुंब तेथे राहत असेल, चूल पेटत असेल, तर ती जमीन सोडली असे म्हणता येत नाही. याचा अर्थ असा, की मालकीच्या कागदावर नाव बहुधा पुरुषाचे असले, तरी तो कागद मिळवून देणारा वास्तव्याचा पुरावा मागे राहिलेली स्त्री आणि तिची मुले रोज तयार करीत होती. तिने आणलेली पाण्याची प्रत्येक बादली ही त्या अर्थाने हक्काच्या पुराव्यातील एक ओळ होती.

दुसरा आधार शेजाऱ्यांचा. साक्षीला दोन माणसे लागत, म्हणजे शेजारी टिकला तरच आपणही टिकणार. नांगर असणारा जनावरे असणाऱ्याला देई, विहीर खणायला चार घरांतले हात लागत, बाळंतपणाला शेजारीण धावून येई. पहिल्या हिवाळ्यात अन्नसाठा संपला, तेव्हा वसाहतीने पूर्व कॅन्ससमध्ये आपले प्रतिनिधी पाठवून मदत गोळा केली आणि मिळालेले धान्य आपसांत वाटून घेतले. त्याच हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस दिले, ही आठवण निकोडेमसच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

येथे एक अप्रिय सत्य नोंदविणे आवश्यक आहे. सरकारने ‘मोफत’ वाटलेली ही जमीन रिकामी नव्हती. ज्या कान्सा लोकांवरून राज्याचे नाव पडले, त्यांना 1873 मध्ये कॅन्ससबाहेर, आजच्या ओक्लाहोमात, हलविण्यात आले होते. ओसेज लोकांनाही त्याच्या थोडे आधी आपली कॅन्ससमधील भूमी सोडावी लागली होती. म्हणजे ज्यांची भूमी गेली, त्यांच्यापैकीच काहींनी त्या भूमीवर नव्याने आलेल्या भुकेल्यांना घास दिला. एका पीडित समाजाला मिळालेला न्याय दुसऱ्या समाजावरील अन्यायावर उभा होता, हे निकोडेमसच्या कथेतून वगळले तर ती कथा अपुरी राहील.

भुयारातील शाळा

या वसाहतीचा सर्वांत मननीय भाग तिच्या शाळेचा आहे. दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकविणे हा कायद्याने गुन्हा मानला गेला होता. निकोडेमसच्या प्रौढांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. अशा लोकांनी धड घरे उभी राहण्यापूर्वीच शाळा सुरू केली. जेनी स्मिथ फ्लेचर या तिच्या पहिल्या शिक्षिका. गावाच्या पहिल्या पोस्टमास्तरही त्याच. त्यांचे पती झेड. टी. फ्लेचर यांनी दुकान आणि पुढे हॉटेल चालविले. शाळा डगआउटमध्येच भरे. ग्रॅहम काउंटीतील ती पहिली शाळा ठरली आणि पुढे तिला ‘जिल्हा क्रमांक 1’ अशी अधिकृत ओळख मिळाली.

शेतकऱ्याच्या घरी मूल म्हणजे कामाचे दोन हात. पाणी, जळण, गुरे राखणे, पेरणी, खुरपणी या सर्व कामांत मुलांवाचून अडत असे. म्हणून प्रेअरीवरील शाळा शेतीची कामे कमी असलेल्या महिन्यांत भरत, आणि कापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. तरीही ज्या दिवशी आई-वडील मुलाला शाळेत पाठवीत, त्या दिवशी त्याच्या वाट्याचे काम ते स्वतःच्या अंगावर घेत. त्या काळातील गरीब कुटुंबाने शिक्षणासाठी मोजलेली किंमत हीच होती, आणि ती पैशांत मोजता येत नाही.

उत्कर्ष, ओहोटी आणि वारसा

या कष्टांना फळ आले. 1880 च्या दशकात निकोडेमसमध्ये दुकाने, चर्च, हॉटेल आणि दोन वृत्तपत्रेही होती. येथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब 1882 मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. कॅन्ससमध्ये राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. परंतु 1888 मध्ये ज्या रेल्वेची गावाने आस धरली होती, ती नदीच्या दक्षिणेकडून, काही मैलांवरून गेली. व्यापारी आपली दुकाने उचलून रुळांकडे गेले. शेतकरी मात्र राहिले. पुढे 1930 च्या दशकातील धुळीच्या वादळांनी आणि मंदीने उरलीसुरली वस्तीही विरळ केली. पोस्ट ऑफिस बंद झाले, शाळाही बंद झाली.

आज तेथे मोजकीच माणसे राहतात. अमेरिकेच्या संसदेने 1996 मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दोन चर्च, नगरसभागृह, हॉटेल आणि 1918 मध्ये बांधलेली शाळेची इमारत अशा पाच वास्तू तेथे जपल्या आहेत. दरवर्षी जुलैच्या अखेरीस देशभर विखुरलेले वंशज मुक्तिदिनाच्या उत्सवासाठी एकत्र येतात. गाव सोडून गेलेल्यांनी गावाशी नाते तोडलेले नाही.

निकोडेमसच्या इतिहासात मोठी लढाई नाही. त्या शेतकरी कुटुंबांनी जे केले, ते एका दिवसापुरते पाहिले तर अगदी सामान्य वाटेल: पाणी आणले, चूल पेटविली, मुलाला शाळेत धाडले. तेच पाच वर्षे न चुकता केले, तेव्हा त्यातून जमिनीचा हक्क, गावाचे नाव आणि लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी उभी राहिली. कायद्याने संधी दिली होती. तिचे रूपांतर हक्कात करण्याचे काम घराघरांतील या अनाम दिवसांनी केले. कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची नावे आपण आदराने नोंदवितो, आणि ते योग्यच आहे. त्या नोंदीशेजारी एक ओळ, घरचे काम अंगावर घेऊन मुलाला शाळेच्या वाटेला लावणाऱ्या आई-वडिलांसाठीही राखून ठेवली पाहिजे. निकोडेमसच्या भुयारातील शाळा त्यांच्या बळावरच चालली.